खेळाचे नियम कोणी लिहायचे?

'खेळ' हा शब्द महाविद्यालयात उच्चारला की दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक जिमखान्याचे, आणि दुसरे तासाला मागच्या बाकावर बसून मोबाईलवर चाललेल्या बोटांच्या धावपळीचे. पहिल्याला प्रतिष्ठा आहे, दुसऱ्याच्या वाट्याला शिव्या आहेत. परंतु या दोहोंखेरीज खेळाचा एक तिसरा प्रकार आहे. तो आपल्या कलाशाखेच्या अगदी शेजारचा असूनही आपल्यापैकी फार थोड्यांचे लक्ष तिकडे गेले आहे. त्याविषयी, आणि त्याहूनही अधिक त्याचे नियम कोणी लिहावेत याविषयी, मला येथे चार शब्द मांडावयाचे आहेत.

हा खेळ भूमिकांचा आहे. इंग्रजीत त्याला 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात. चारपाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो व प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि 'माझे पात्र आता असे करते' असे सांगत कथा पुढे नेतात. एखादी गोष्ट साधेल की फसेल, याचा निकाल फाशांवर लागतो. प्रत्येकासमोर आपल्या पात्राचा एक कागद असतो. त्यावर त्याचे बळ, त्याची चपळाई, त्याच्याजवळची चीजवस्तू आकड्यांत मांडलेली असते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि तेथून हा प्रकार जगभर पसरला.

वस्तुतः सोंग घेणे आपल्याला नवे नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या बाजूला, बोहाड्याच्या रात्री माणसे देवदेवतांचे मुखवटे चढवून नाचतात. फरक इतकाच, की तिथे कोणते सोंग कोणानंतर येणार हे परंपरेने ठरलेले असते, आणि या खेळात पुढच्या घटकेला काय होणार हे सूत्रधारालाही ठाऊक नसते.

आता चारपाच जणांनी एका टेबलाभोवती जमणे ही वसई-विरारसारख्या ठिकाणी मोठी अवघड गोष्ट आहे. एक मित्र अर्नाळ्याला, दुसरा नालासोपाऱ्याला, तिसरी वसई गावात, आणि चौथा कॉलेज सुटल्यावर विरार लोकलने अंधेरीला अर्धवेळ नोकरीला जाणारा. अशांसाठी संगणकावर टेबल मांडून देणारी सॉफ्टवेअरे निघाली आहेत. 'रोल ट्वेंटी' हे २०१२ साली आले, 'फाउंड्री' हे २०२० साली. पडद्यावर नकाशा, त्यावर सोंगट्या, बाजूला फासे, आणि प्रत्येकाच्या पात्राचे पान. ज्याने त्याने आपल्या घरी बसावे आणि सर्वांनी एकच पट पाहावा, अशी ही सोय.

येथे माझ्या विषयाचा गाभा येतो. 'फाउंड्री'सारख्या सॉफ्टवेअरला स्वतःचा असा कोणताही खेळ येत नाही. ते नुसते टेबल आहे. पात्राला कोणते गुण असतात, फासे किती टाकायचे, जिंकणे-हरणे कशाला म्हणायचे, हे त्याला वेगळ्याने शिकवावे लागते. त्यासाठी एक जोडभाग लिहितात, त्याला 'गेम सिस्टिम' असे नाव आहे. मी त्याला 'खेळसंहिता' म्हणतो. कारण त्यात नाटकाची संहिता आहे तशी कायद्याचीही संहिता आहे. तिचे भाग मोजकेच असतात. एक ओळखपत्राची फाइल, पात्रांच्या गुणांची यादी, पडद्यावर दिसणाऱ्या पानाचा आराखडा, हिशेब करणारा जावास्क्रिप्टमधला मजकूर, आणि शब्दांची फाइल.

माझे म्हणणे एवढेच, की ही संहिता लिहिणे हे मुख्यतः कलाशाखेचे काम आहे, ते आपण केले पाहिजे, आणि ते आपल्या भूमीविषयी व आपल्या भाषेत केले पाहिजे. परक्या खेळाच्या पाट्या मराठीत रंगवून ते होणार नाही.

असे का, ते सांगतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये माणसाचे सहा गुण मोजतात. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची शक्ती. यांतल्या काटकपणाला मूळ इंग्रजी शब्द आहे 'कॉन्स्टिट्यूशन'. शब्दकोश उघडून भाषांतर करणारा तिथे 'राज्यघटना' लिहून मोकळा व्हायचा! पण विनोद बाजूला ठेवू. योग्य शब्द सापडला तरी मूळ प्रश्न उरतोच. माणूस म्हणजे हे सहाच आकडे का? नाते नाही, गाव नाही, कर्ज नाही, जमीन नाही, शेजार नाही. एकट्याने घराबाहेर पडून राक्षस मारणाऱ्या आणि खजिना लुटणाऱ्या वीराला हे सहा गुण पुरतात. ते त्याच्यासाठीच केलेले आहेत. त्यांचे मराठीकरण केले म्हणजे तो वीर मराठी बोलू लागेल, परंतु राहील तो परकाच.

वसईवर खेळ करायचा म्हटले की पहिल्यांदा कोणालाही किल्लाच आठवेल. १५३४ साली तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने वेढा घालून ती घेतली. विषय रोमहर्षक आहे यात शंका नाही. पण तयार साच्यात तो ओतला तर काय होईल? दोन्ही फौजांचे बळ, तटाची जाडी, तोफांचा पल्ला यांना रकाने मिळतील. ज्यांच्या वाड्यांमधून या फौजा गेल्या, त्या माळ्यांना, कोळ्यांना, मिठागरांतल्या मजुरांना एकही रकाना मिळणार नाही. इतिहासाच्या पुस्तकांविषयी आपण हीच तक्रार करतो ना? मग खेळ लिहिताना तरी हा रकाना आपण आखू शकतो.

आम्ही चार मित्रांनी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अशी एक लहानशी खेळसंहिता लिहावयास घेतली. तिचा विषय किल्ला नाही, बावखल आहे. बाहेरून आलेल्या वाचकांसाठी सांगतो, की बावखल म्हणजे आपल्याकडच्या वाड्यांमधले पावसाचे पाणी धरून ठेवणारे तळे. त्याचे पाणी जमिनीत मुरते, आजूबाजूच्या विहिरींना पोचते आणि केळीच्या व पानवेलींच्या बागा त्यावर जगतात. यांपैकी कितीतरी बावखले भरणी टाकून बुजवली गेली आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. वसईचे पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच्या अग्रभागी होते. हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. पुढे जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे ठप्प झाली, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले. उन्हाळ्यात टँकर आणि पावसाळ्यात होडी, असा हा आपला संसार आहे.

'फाउंड्री'मध्ये जो काही कृती करतो त्याला 'ॲक्टर', म्हणजे नट, असे म्हणतात. नट किती प्रकारचे असावेत हे संहिता लिहिणाराने ठरवायचे असते. आम्ही तीन प्रकार ठरवले. माणूस, वाडी आणि बावखल. होय, बावखल हेही एक पात्र आहे! त्याला स्वतःचे पान आहे. त्या पानावर पाण्याचा आकडा आहे आणि तो सर्वांना दिसतो. माणसाच्या पानावर पैसा आहे, कष्ट आहेत, नाती आहेत. पाणी मात्र नाही. कारण पाणी एकट्याचे नसते. पावसाळ्यात आकडा वाढतो, उन्हाळ्यात प्रत्येक विहीर त्यातून थोडे घेते. कोणा खेळाडूने आपल्या हद्दीतला बावखलाचा भाग भरणीला दिला तर त्याच्या पानावर त्याच क्षणी भरघोस पैसा जमा होतो, आणि बावखलाचे पोट कायमचे लहान होते. त्याचा परिणाम त्या वर्षी दिसत नाही. तो दिसतो पुढच्या वैशाखात, आणि बहुधा दुसऱ्याच कोणाच्या विहिरीत.

हा नियम लिहायला जावास्क्रिप्टच्या दहाबारा ओळी पुरतात. पण त्या ओळींत काय लिहायचे हे कळण्यासाठी आम्हाला वाड्यांमधल्या आजी-आजोबांकडे जाऊन बसावे लागले. विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते? पूर्वी रहाट कोणाच्या पाळीने फिरे? पाण्यावरून भांडण झाले तर मिटवायचे कोणी? ही माहिती संगणकाच्या वर्गात मिळत नाही. समाजशास्त्राच्या, इतिहासाच्या, भूगोलाच्या विद्यार्थ्याने वही घेऊन हिंडावे तेव्हाच ती मिळते. खेळ प्रथम खेळलो तेव्हा एका मैत्रिणीच्या पात्राला मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा होता आणि तिने भरणीला होकार दिला. त्यावर दोन तास वाद झाला. कोणी तिला खलनायिका म्हणेना, कारण तिच्या जागी आपण असतो तर काय केले असते हा प्रश्न प्रत्येकाच्या पुढे उभा होता. पर्यावरणावरच्या निबंधाने जे होत नाही ते त्या दोन तासांत झाले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

फाशांचेही तसेच. विसापैकी प्रत्येक अंक पडण्याची शक्यता वीस पैलूंच्या फाशात सारखी, म्हणजे शेकडा ५ असते. महापराक्रम आणि महासंकट दोन्ही साध्या दिवसाइतकीच वारंवार भेटतात. वीरकथेला ते शोभते. आमच्या खेळात आम्ही जुन्या पटावरच्या कवड्या घेतल्या. सहा कवड्या टाकायच्या आणि उताण्या किती पडल्या ते मोजायचे. कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली तर एकूण ६४ रीतींपैकी तीन कवड्या उताण्या पडण्याच्या रीती २० होतात. सहाच्या सहा उताण्या पडण्याची रीत एकच. म्हणजे बहुतेक दिवस मध्यम, आणि भाग्याचा किंवा दुर्भाग्याचा दिवस क्वचित. बागायतदाराचे वर्ष असेच असते. फासा बदलला की जगाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, ती अशी.

आता भाषेकडे वळतो. शब्दांची फाइल दिसायला अगदी निरुपद्रवी असते. डावीकडे खुणेचा शब्द, उजवीकडे पडद्यावर दिसणारा शब्द. तिच्यात एक स्वल्पविराम जास्त पडला तरी यंत्र सगळी फाइल नाकारते. विरामचिन्हांच्या बाबतीत इतका कडक परीक्षक आपल्याला आजवर भेटलेला नाही. पण खरी अडचण व्याकरणाची आहे. इंग्रजीत नाव बदलत नाही. मोकळ्या जागेत कोणतेही नाव ठेवा, वाक्य तयार होते. मराठीत मात्र 'घोडा' आणि 'चा' मिळून 'घोड्याचा' होतो, 'मासा'चे 'माशाचा' होते. यंत्र बिचारे 'घोडाचा' आणि 'मासाचा' लिहून बसते. क्रियापद तर पात्र स्त्री की पुरुष हे विचारल्यावाचून पुढेच सरकत नाही. 'जातो' की 'जाते'? तेव्हा प्रत्येक नावाबरोबर त्याचे सामान्यरूप आणि लिंग वेगळ्या रकान्यांत साठवणे आम्हाला भाग पडले. ज्या सामान्यरूपाचा प्रश्न परीक्षेत पाच गुणांसाठी आपण कंटाळून सोडवतो, त्यावर इथे सगळे यंत्र अडून राहते. हा प्रश्न संगणकाच्या पदवीधराला कदाचित दिसणारही नाही. मराठीच्या विद्यार्थ्याला तो पहिल्या मिनिटाला दिसेल.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. मराठीच्या फाइलीत एखादा शब्द लिहायचा राहिला तर सॉफ्टवेअर थांबत नाही, कुरकुरत नाही. त्या जागी ते गुपचूप इंग्रजी शब्द आणून बसवते. आपल्या रोजच्या बोलण्यात याहून वेगळे काय चालले आहे? जिथे आपण शब्द ठेवत नाही तिथे इंग्रजी आपोआप येते, आणि कोणाला काही गमावल्याची जाणीवही होत नाही. वसईत तर हा धोका दुहेरी आहे. सामवेदी, वाडवळी, कोळी या आपल्या घरातल्या बोली. त्यांची जागा प्रमाण मराठी घेते आणि प्रमाण मराठीची जागा इंग्रजी. एका खेळसंहितेला हव्या तितक्या भाषांच्या फाइली जोडता येतात. आमच्यातल्या सामवेदी मैत्रिणीने पाणी, माती, अवजारे आणि भांडण यांचे शब्द आजीला विचारून एका वहीत लिहायला घेतले आहेत. खेळ उद्या कोणी खेळला नाही तरी ती वही राहील.

यावर आक्षेप येतील, ते मला दिसतात. पहिला आक्षेप, माणसाला आकड्यांत कोंबणे हेच मुळी कलेच्या विरुद्ध आहे. आक्षेप वजनदार आहे. परंतु आपली गुणपत्रिका हे काय आहे? तेही एक पात्राचे पानच, आणि त्यावरचे रकाने आपण आखलेले नाहीत. आकड्यांपासून आपली सुटका नाही. निदान कोणते आकडे आणि का, हे विचारण्याची सवय संहिता लिहिणाऱ्याला लागते.

दुसरा आक्षेप, हा श्रीमंतांचा छंद आहे. 'फाउंड्री' विकत घ्यावे लागते हे खरे. पण ते एकाने एकदाच घ्यायचे असते. बाकीचे आपल्या ब्राउझरमधून येऊन बसतात. आमच्या संहितेचा मजकूर आम्ही सर्वांसाठी खुला ठेवणार आहोत. आणि ज्याच्याजवळ संगणक नाही त्याने तेच नियम चार कागदांवर उतरून घ्यावेत, सहा कवड्या आणाव्यात आणि ओट्यावर बसावे. नियम आपले असले म्हणजे टेबल कोणतेही चालते.

तिसरा आक्षेप, जगभर मान्य असलेले तयार नियम असताना नवे कशाला? याचे उत्तर जानेवारी २०२३ मध्ये मिळाले आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांवर इतरांनी आपले साहित्य रचावे यासाठी २००० साली एक खुला परवाना देण्यात आला होता. त्याच्या भरवशावर असंख्य लहान लेखकांनी आपली कामे उभी केली. वीस-बावीस वर्षांनी कंपनीने तो परवाना कडक करण्याचा घाट घातल्याचे मसुद्यावरून उघड झाले. खेळाडूंनी जोरदार विरोध केला, कंपनीला माघार घ्यावी लागली आणि महिन्याअखेर नियमांचा मूळ दस्तऐवज 'क्रिएटिव्ह कॉमन्स'च्या खुल्या परवान्याखाली देण्यात आला. शेवट गोड झाला खरा. पण दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या घराला झोप कशी लागते, हे वसईकरांना वेगळे सांगायला नको.

शेवटी एवढेच. आपल्या गावांविषयीचे नियम बहुतेक दुसरीकडेच लिहिले जातात. आराखडे लिहिले जातात, नकाशांवर रंग भरले जातात, आणि आपण हरकत नोंदवण्याच्या शेवटच्या तारखेला जागे होतो. नियम ही माणसाने लिहिलेली गोष्ट आहे, ती खोडता येते आणि नव्याने लिहिता येते, हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिले, तो पुढे कोणत्याही नियमासमोर मुकाट्याने मान घालणार नाही. म्हणून माझी विद्यार्थी मित्रांना विनंती आहे, की आपल्या वाडीतली, पाड्यातली, बंदरावरची एक तरी गोष्ट घ्या आणि तिचे नियम लिहून काढा. प्राध्यापकांना विनंती आहे, की एखाद्या प्रकल्पाऐवजी अशी एक खेळसंहिता त्यांनी मान्य करावी. मराठी विभागाने शब्द पाहावेत, इतिहास विभागाने काळ पाहावा, अर्थशास्त्राने हिशेब तपासावा. जावास्क्रिप्ट महिन्या-दोन महिन्यांत कामापुरती येते. बावखल कुठे होते हे सांगणारी माणसे मात्र दर वर्षी थोडी थोडी कमी होत आहेत.